पुसायचं, घासायचं नाही

अक्का, आज अमावस्या. बैलांना सुट्टी, गडी आपापल्या घरी, आणि मी मधल्या खोलीत माझ्या नेहमीच्या जागेवर जुन्या धोतराचं फडकं मांडीवर घेऊन बसले आहे. समोर तुमचा पाट आहे. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले. जो तो जाताना म्हणाला, अक्का सुटल्या. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "सुटायला मला काय दाव्यानं बांधलं व्हतं का?"

ठाण्यातून निरोप आलाय. परवाना ज्याच्या नावावर, ते माणूस गेलं की हत्यार जमा करावं लागतं. दुपारी विनू मला गाडीवर घेऊन जाणार आहे. तिथं विचारतील, पुढे कुणाच्या नावानं अर्ज करायचा आहे का. हाच प्रश्न तुम्ही मला जालन्याच्या दवाखान्यात विचारला होता. "शकू, माझ्यामागं ते तुझ्या नावावर घेशील का?" मी मोसंबी सोलत होते. सोलतच राहिले. तुम्हीही परत विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला बोलायचं भान राहिलं नाही. त्या मोसंबीच्या फोडी तशाच ताटलीत वाळल्या. आता दुपारपर्यंत मला उत्तर ठरवायचं आहे आणि सल्ला विचारायला माणूस तुम्हीच. या वस्तूबद्दल मी दुसऱ्या कुणाशी कधी बोललेच नाही.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले, तेव्हा गावात त्याला चांदीचं पिस्तूल म्हणायचे. मामंजींचं ते रिव्हॉल्व्हर निजामाच्या काळापासून घरात होतं, आणि पांढरं चमकतं म्हणजे चांदीच, अशी सगळ्यांची खात्री. आपल्या सासूबाईंचीही. खंडेनवमी आली की देवाच्या उपकरण्यांबरोबर त्या तेही घासायला काढायच्या. रांगोळीची पूड घ्यायची आणि अंगठ्यानं रगडायचं. नंतर कोयता, विळा, कुऱ्हाड आणि हे, सगळं पाटावर मांडून हळदकुंकवाची ओली बोटं, झेंडूची फुलं. दसऱ्यापर्यंत तसंच. मग कातड्याच्या खोळीत घालून वर्षभर पेटीत. या घरानं त्याला जेवढा मान दिला, तेवढं ते बिघडत गेलं. गोळ्या भरायच्या चक्रीच्या बाजूला, जिथं सासूबाईंचा अंगठा बसायचा, तिथला पांढरा मुलामा उडून खालचं करडं लोखंड दिसायला लागलं होतं. सासूबाई म्हणायच्या, चांदी काळवंडली. आणि पुढल्या वर्षी आणखी जोरात घासायच्या.

जालना नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या साली थोरले भावजी गेले. बांधावरून घरी आणेपर्यंतच सगळं संपलं होतं. तुम्ही रडला नाहीत. बायका म्हणाल्या, रडू द्या हिला, नाहीतर बाधेल. तुम्ही ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि उठायचा. मूलबाळ नव्हतं, माहेरी कोणी उरलं नव्हतं. मला तेव्हा तुमची भीती वाटायची. थोरली जाऊ, शब्दाची धारदार, त्यात हे मौन.

मग ती दुपार. मी तुम्हाला जेवायला बोलवायला आले, तर तुम्ही याच खोलीत, याच पाटावर बसला होता. पेटी उघडी, खोळ बाजूला पडलेली, आणि ते मांडीवर. तुम्ही त्याच्याकडे नुसत्या बघत होता. माझे पाय उंबऱ्यावरच थिजले. कुठून सुचलं देव जाणे, मी आत आले, तुमच्यासमोर फतकल मारून बसले आणि म्हणाले, "अक्का, मलाबी शिकवा की साफ करायला."

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणालात, "मलाच कुठं येतंय? चल, शिकून येऊ."

त्या एका वाक्यावर मी अजून जगते आहे. खरंच.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत परवाना तुमच्या नावावर करायला आपण दोघी गेलो होतो. आमचे हे सोबत होते, पण दारातच उभे राहिले, कारण त्यांना हे सगळं खुळचटपणाचं वाटत होतं. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "बाई, तुम्हाला चालवता येतं का?" तुम्ही म्हणालात, "चालवायला कुठं मागून राह्यले? सांभाळायला मागून राह्यले." तो हसला. तुम्ही हसला नाहीत, म्हणून त्यानं हसू आवरतं घेतलं आणि कागद पुढे सरकवला.

तिथून जुन्या जालन्यात. दाणेबाजाराच्या मागल्या गल्लीत बंदूक दुरुस्तीचे म्हातारे चाचा बसायचे. पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत आपण त्यांच्या दुकानात शिरलो. त्यांनी ते हातात घेतलं, पहिल्यांदा उघडून बघितलं, मग उजेडात फिरवलं आणि उडालेल्या जागेवर नख ठेवून विचारलं, "ये किसने किया?" तुम्ही म्हणालात, "श्रद्धेनं झालंय." चाचा म्हणाले, "बेटी, ही चांदी नाही, निकल आहे. निकल म्हणजे लोखंडाची चमडी. चमडी कोई घिसता है? घिसना नक्को, पोंचना." बाकीचं त्यांनी हातानं करून दाखवलं. हात लावायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, रिकामं आहे का. नळीतून सळईला चिंधी लावून फिरवायची. वरून मऊ सुती फडकं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, आणि लगेच कोरड्या फडक्यानं ते तेलही टिपून घ्यायचं. घामाचा हात लागला तर पुसल्याशिवाय ठेवायचं नाही. कातड्याची खोळ तर त्यांनी आपल्याला परतच दिली नाही. कातडं ओल धरतं आणि निकेलला खालून उचलतं, म्हणाले. फळीवर एक बाटली होती, त्यातलं औषध द्या म्हटलं मी, तर म्हणाले ते काळ्या बंदुकीला. निकेलला चरा असला की ते आत शिरतं आणि चमडीच सोडवतं.

उडालेल्या जागी परत मुलामा चढवून मिळेल का, हेही मीच विचारलं. मिळेल, पण आधी आहे तेवढं सगळं उतरवावं लागेल, असं ते म्हणाले. तुम्ही तिथेच फडकं गुंडाळलं. "न्हाई. हाय तेवढं राखू."

यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं. मी म्हणायची, एकदा नवं करून घ्या, दर वेळी त्या टक्कल पडल्या जागेला तेल चोपडायचा ताप जाईल. तुम्ही म्हणायचा, "तुला सारं नवं पायजे. आईबी बाजारातून नवी आणली व्हती का तू?" आणि वर तेलाचा थेंब त्याच जागेवर सगळ्यात आधी. मला ते अजूनही पटलेलं नाही, अक्का. पण आज मीही पहिला थेंब तिथंच टाकला.

पुसायला अमावस्या तुम्ही निवडलीत. बैल खुट्याला, शेतात काम नाही, म्हणून तोच दिवस मोकळा. सासूबाई कडाडल्या, अवसेला हत्यार कोण काढतं? तुम्ही म्हणालात, चंद्र नसला तरी दुपारी ऊन असतं की. तेव्हापासून दर अमावस्येला जेवणं झाली की तुम्ही पाटावर आणि मी समोर. तुम्ही चक्री बाहेर काढायचा, ते माझ्याकडे वळवायचा आणि म्हणायचा, "बघ शकू. सहाबी घरं रिकामी." मी बघायची. त्या भोकांतून पलीकडचा दारातला उजेड दिसायचा. मी मान हलवली की तुम्ही सळई उचलायचा. चाचांनी घालून दिलेला नियम तुम्ही काटेकोर पाळता, असं मला वाटायचं.

काडतुसांची डबी कोठीघरात होती, कुलपात. त्याची किल्ली मी मागून घेतली होती. "तुमच्याकडून हरवंल अक्का, माझ्या जुडग्यात राहू द्या," म्हणाले होते. ज्यांनी आयुष्यात सुईसुद्धा हरवली नाही त्यांना मी हे सांगत होते. तुम्ही कमरेची किल्ली सोडलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत. का म्हणून विचारलं नाहीत. मी चहा टाकायला गेले आणि चुलीपुढं बसून रडले. धुराचं निमित्त बरं असतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला घरात जे झालं ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. तुम्ही सासूबाईंना म्हणालात की याला कुंकू लावू नका, ओल बारीक फटीत राहते, निकेल सुटतं. फुलं ठेवा, समोर पाटावर कुंकू वाहा, त्याच्या अंगावर नको. सासूबाईंच्या हातात करंडा होता. भरल्या घरात त्या म्हणाल्या, "हिचं कुंकू पुसलं म्हणून ही आता हत्याराचंबी पुसती." तुम्ही ते उचललंत, कोरड्या केळीच्या पानावर ठेवलंत, आणि आत निघून गेलात.

मी तुमच्या मागं आले. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नका, तुम्ही निकेलसाठीच म्हणालात हे मला माहीत आहे. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या होता. म्हणालात, "निकेलसाठीच म्हन्ले, शकू. पन त्या म्हन्ल्या तेबी अगदीच खोटं न्हाई." मी तुमच्या पाठीवर हात ठेवला आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनी, तुम्ही रडलात. पुढल्या वर्षी सासूबाईंनी आपल्या हातानं कोरडं पान मांडलं आणि कुंकू समोर पाटावर वाहिलं. त्यांची माफी मागायची रीत तशीच होती.

तुमच्या धिटाईच्या गोष्टी गावभर झाल्या, त्यातली बांधावरची मात्र मी कुणाला पुरती सांगितली नाही. भाऊबंदांनी नांगर घालून बांध आपल्याकडे सरकवायला घेतला, आमचे हे बाहेरगावी. तुम्ही पाट, फडकं, तेलाची कुपी आणि ते घेऊन चालत निघालात. मी पाठोपाठ. बांधावर बाभळीखाली बसलात, पदर खोचलात, आणि पुसायला लागलात. कुणाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. औतावरच्या माणसानं विचारलं, "वहिनी, हे काय करून राह्यल्या?" तुम्ही म्हणालात, "आज अवस हाय न्हवं. घरात उजेड कमी हाय, म्हून इथं आले. तुम्ही अवसेला कसं काय औत धरलं?" त्यानं औत सोडलं, बैल वळवले आणि गेला. लोक म्हणाले, सहा गोळ्या भरून बसल्या होत्या. किल्ली माझ्या कमरेला होती. तुमच्या हातात रिकामं लोखंड होतं, हे आपल्या दोघींनाच माहीत. परत येताना आपण विहिरीवर थांबलो आणि वेड्यासारख्या हसलो. भावजी गेल्यापासून मी तुम्हाला पहिल्यांदा तशा हसताना बघितलं.

निवडणूक लागली की सगळी हत्यारं ठाण्यात जमा. तुम्हाला मतदानापेक्षा त्याचाच घोर. सोबत तीन धुतलेली फडकी. ठाण्यातून बाहेर येईपर्यंत मी कडुलिंबाखाली बसायची, कारण तुमचं म्हणणं, ठाण्याची पायरी घरातल्या एकीनं चढली तरी पुरे. तुमचा आवाज मात्र लिंबापर्यंत यायचा. "साहेब, खोळीत घालू नका. कुणी हात लावला तर पुसून ठिवा. तुमच्या बोटांचे डाग काढता काढता माझी अवस जाती." आतले हसायचे. निकेलवाल्या अक्का आल्या, म्हणायचे. परत मिळालं की तुम्ही गाडीतच फडकं उघडून बघायचा, लेकरू यात्रेतून परत आल्यावर अंगाला कुठं खरचटलंय का बघतात तसं.

आणि विनू. माझा मुलगा, पण अंगाखांद्यावर वाढला तुमच्या. तो वीस वर्षांचा झाला, पुढाऱ्यांच्या गाड्यांमागं हिंडायला लागला, आणि एका लग्नासाठी म्हणाला, "मोठी आई, एक दिवस कमरेला लावून जातो, नुसतं दिसायला." तुम्ही त्याला पोटभर जेवायला वाढलंत आणि मग म्हणालात, "वरातीत मिरवायला ते न्हाई. आन् ज्याला मिरवायची हौस हाय त्याला तर बिलकुल न्हाई." तो रुसला. मी तेव्हा त्याची बाजू घेतली, दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी अमावस्या होती. तुम्ही पाटावर बसून नुसती हाक मारलीत, "शकू, ये." मी आले. चक्री उघडलीत, वळवलीत. "बघ." मी बघितलं आणि आपलं भांडण मिटलं.

मी या वस्तूचा द्वेष केला, अक्का. ते तुम्हाला दवाखान्यात सांगता आलं नाही म्हणून मोसंबी सोलत राहिले. ती पहिली दुपार माझ्या डोळ्यांपुढून गेलीच नाही. दर अमावस्येला मी शिकायला बसत नव्हते, मदतीलाही नाही. मी राखणीला बसायची. तुमच्या हातांकडे माझं लक्ष असायचं, निकेलकडे नव्हे. लोकांना वाटायचं, जावाजावांचं बरं जमतं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्हाला कळलं असेल का, हेही विचारलं नाही. आता विनूची गाडी वाजते आहे. फडकं गुंडाळते.

दिवेलागणीला परत बसले आहे. ठाण्यातून येऊन नुसती आंघोळ केली.

आत जुने हवालदार होते, पांढऱ्या मिशांचे. मला बघून उठले. म्हणाले, "अक्का गेल्या म्हून कळलं. लई बोलायच्या आम्हाला. आता कोण बोलंल?" मी टेबलावर फडकं पसरलं. हात सवयीनं चालले. चक्री बाहेर काढली, ते त्यांच्याकडे वळवलं आणि म्हणाले, "बघा. सहाबी घरं रिकामी."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"तपासून घ्या ना," मी म्हटलं. "अक्का दर वेळी दाखवायच्या तसं."

"अक्का?" ते म्हणाले. "न्हाई बाई. अक्कांनी आम्हाला कधी उघडून दाखवलं न्हाई. फडक्यासकट ठिवायच्या आन् म्हनायच्या, तुमचं काम तुम्ही करा, आपल्या डोळ्यानं बघा."

मी तिथल्या बाकावर बसले. विनूनं पाणी आणलं. चाचांनी सांगितलं होतं ते स्वतः बघायला. समोरच्याला दाखवा असं ते म्हणालेच नव्हते. या नियमाच्या आड मी इतकी वर्षं तुमच्यावर पहारा केला, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून जाणून होता. दर अमावस्येला आधी माझी भीती काढायचात, मग सळई उचलायचात. मी तुम्हाला राखत होते ना, अक्का? राखत तर तुम्हीच मला होतात.

हवालदारांनी विचारलं, "पुढं कुणाच्या नावानं अर्ज द्यायचा हाय? का न्हाई? तसं सांगा, म्हंजे तसं लिहितो." विनू खाकरला. मी म्हटलं, "माझ्या नावानं." आणि जुडग्यातून ती किल्ली सोडवून सोबत आणलेल्या डबीवर ठेवली. "काडतुसं मात्र कायमची घ्या. ती परत नकोत." ते म्हणाले, "काडतुसाबिगर ते काय कामाचं?" मी म्हटलं, पुसायला लागतं. ते काय समजले कोण जाणे, पण त्यांनी फडकं नीट चारी बाजूंनी गुंडाळलं, बोटं न लावता, तुम्ही शिकवलं तसं.

परवाना देतील, न देतील, ते वरचे ठरवतील. दिला तर पुढल्या कुठल्यातरी अवसेला मी तुमच्या पाटावर बसेन. माझी जागा समोर रिकामी राहील. पहिला थेंब टक्कल पडल्या जागेवर टाकीन, त्यावर आता माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्याही आधी चक्री उघडायची असते. तेव्हा ती मी कुणाकडे वळवू, अक्का, एवढं तुम्ही सांगून गेला नाहीत.